संख्यामूल्य आणि अंकचिन्ह

औरंगाबाद व परभणी या जिल्ह्यांतील काही प्रदेश विभक्त करून १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला. हे विधान संगणकात साठविले असता 'जालना' हे नाव आणि '१९८१' हे वर्ष या दोहोंचेही अंती संख्यांत रूपांतर होते. मात्र त्या दोन संख्यांचे नाते सारखे नसते. हा भेद दुर्लक्षिल्यामुळे भाषिक सामग्रीची संकलने सदोष होतात.

युनिकोडच्या सारणीत प्रत्येक चिन्हास क्रमांक नेमून दिलेला आहे. 'जालना' म्हणजे २३३२, २३६६, २३५४, २३४४ आणि पुन्हा २३६६. अक्षरे तीन आणि संकेतांक पाच, कारण येथे काना हे स्वतंत्र चिन्ह मानलेले आहे. पायथन भाषेतील 'सीएचआर' या फलनास २३३२ ही संख्या दिली की 'ज' हे चिन्ह हाती येते.

वर्षाची गोष्ट निराळी. त्याच फलनास १९८१ ही संख्या दिल्यास वर्ष मिळत नाही. मालदीवच्या थाना लिपीसाठी राखून ठेवलेल्या विभागातील एक रिकामे घर तेवढे सापडते. येथे मूल्याचे अंक सुटे करावे लागतात. १९८१ ला दहाने भागले असता बाकी १ उरते. भागाकार पुन्हा पुन्हा भागत गेल्यास क्रमाने ८, ९ व १ या बाक्या मिळतात. देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ असल्याने प्रत्येक बाकीत तो मिळविला, आणि आलेली चिन्हे उलट क्रमाने मांडली, की '१९८१' सिद्ध होते. एकं स्थानचा अंक प्रथम हाती यावा यात मराठी भाषकास नवल वाटण्याचे कारण नाही: 'एक्याऐंशी' म्हणताना आपणही एक आधी उच्चारतो आणि ऐंशी मागून.

पायथनचे 'इंट' हे फलन देवनागरी '१९८१' वाचून योग्य मूल्य देते. उलट 'एसटीआर' हे फलन त्या मूल्याचे लेखन आंतरराष्ट्रीय अंकांतच करते. म्हणजे गेलेल्या वाटेने परत येता येत नाही. याचा उपद्रव शोधकार्यात होतो. एका लेखात देवनागरी व दुसऱ्यात आंतरराष्ट्रीय अंक असतील, तर वर्ष एकच असूनही चिन्हांचा साधा शोध त्यांतील एकच लेख दाखवितो. यास्तव मूळ लेखातील चिन्हे जशीच्या तशी ठेवून वर्षाचे मूल्य वेगळ्या रकान्यात नोंदविणे अगत्याचे आहे.