चौथ्या क्रमांकाचा मुलगा

शाळेंत मास्तरकी करीत असतां वार्षिक निकाल वाचून दाखविण्याचें काम बहुधा माझ्याकडे असे. पहिलीं तीन नांवें झालीं कीं मी कागदाची घडी घालून खिशांत ठेवीत असें. चौथ्या मुलाचें नांव मीं कधीं उच्चारल्याचें आठवत नाहीं. आतां गारखेड्याच्या विभागीय क्रीडासंकुलाकडे सकाळीं फिरावयास जातों, तेव्हां तेथें घाम गाळणारीं मुलें पाहून ही चूक मनाला लागते. ती माझ्या ध्यानांत आली एका नेमबाजाच्या चरित्रावरून.

कोल्हापूर जिल्ह्यांतील राधानगरी तालुक्यांत कांबळवाडी हें स्वप्नील कुसाळे याचें गांव. १९९५ सालीं जन्मलेला हा शिक्षकाचा मुलगा २००९ मध्यें शासनाच्या क्रीडाप्रबोधिनींत दाखल झाला व नाशिकास नेमबाजी शिकला. पुढें २०१५ मध्यें तो रेल्वेंत तिकीट तपासनीस म्हणून लागला. त्याच्या मार्गदर्शिका दीपाली देशपांडे यांनीं २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्यें स्वतः भाग घेतला होता.

त्याचा खेळ कसा असतो, तें थोडक्यांत सांगतों. लक्ष्य पन्नास मीटरांवर असतें, आणि त्याच्या मध्यावरील दहा गुणांचें वर्तुळ जेमतेम एक सेंटिमीटर रुंद! प्रथम गुडघा टेकून, मग पालथें पडून व शेवटीं उभें राहून बंदूक चालवावयाची. उभें राहिल्यावर शरीराला जमिनीचा आधार कमी. श्वासाची चढउतारहि गोळीला बाजूस नेते. अंतिम फेरीच्या अखेरीस तर एकेका गोळीगणिक एकेक खेळाडू बाद होत जातो.

२०२२ मध्यें कैरोच्या जागतिक स्पर्धेंत स्वप्नील चौथा आला. पदक हुकलें, पण त्या चौथ्या क्रमांकानेंच भारताला ऑलिंपिकमधील एक जागा मिळवून दिली. २०२३ मध्यें हांगझोच्या आशियाई स्पर्धेंत सांघिक सुवर्णपदकाचा तो वांटेकरी झाला. वैयक्तिक अंतिम फेरींत मात्र आघाडीवर असतां एक गोळी ७.६ गुणांवर गेली, आणि तो पुन्हां चौथा!

१ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरींत गुडघा टेकून झालेल्या पहिल्या भागानंतर तो सहावा होता, दुसऱ्या भागानंतर पांचवा. उभें राहावयाची पाळी आली आणि तेथें तो डगमगला नाहीं. ४५१.४ गुणांसह त्यानें कांस्यपदक मिळविलें. १९५२ सालीं हेलसिंकी येथें खाशाबा जाधवांनीं कुस्तींत कांस्यपदक जिंकलें होतें; त्यानंतर बहात्तर वर्षांनीं महाराष्ट्राच्या खेळाडूला हें वैयक्तिक यश लाभलें.

तिसरा आणि चौथा यांत अंतर किती असतें? कधीं एका गोळीचें, कधीं एका श्वासाचें. पण चौथा आलेला मुलगा दुसऱ्या दिवशीं पुन्हां सरावाला जातो कीं घरीं बसतो, हें पुष्कळदां आपल्या एका शब्दावर अवलंबून असतें. मीं तो शब्द कृपणपणें राखून ठेवला. माझ्या शिक्षकबंधूंना व पालकांना एवढेंच विनवितों कीं, निकाल वाचतांना चौथें नांवहि मोठ्यानें वाचावें.