खारेपणा उतरवताना नव्हे, चढवताना जपा
समुद्री माशांच्या विलगीकरण टाकीत (आजारी मासा वेगळा ठेवायची टाकी) पांढऱ्या ठिपक्यांच्या परजीवीवर उपाय म्हणून पाण्याची क्षारता (मिठाचं प्रमाण) कमी करतात. कमी मिठाने मासाच खचेल, अशी भीती अनेकांना वाटते. पण मीठ लावलेल्या कैरीला पाणी सुटतं, तसं समुद्रात माशाच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. लिटरमागे 35 ग्रॅमचं मीठ 12 ग्रॅमच्या आसपास आलं, की हाडांच्या माशांवरचा हा ताण हलकाच होतो. जपायचं ते परत चढवताना: क्षारता वाढवायला काही दिवस द्यावेत. प्रवाळ, कोळंबी या पाण्यात ठेवू नका. मोजमाप रिफ्रॅक्टोमीटरने (प्रकाश किती वाकतो त्यावरून क्षारता दाखवणारं उपकरण) करा. क्षारता दाखवणाऱ्या स्वस्तातल्या काट्याच्या मापकावर विसंबणं धोक्याचं. पीएचही घसरतो, तोही पाहा. मखमली रोगावर (माशांचा दुसरा एक परजीवी रोग) मात्र हा उपाय चालत नाही.