किल्ला बघायचा की खेळायचा?



दिवाळीची सुट्टी लागली की मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, अंधेरी कुठेही बघा, सोसायटीच्या एखाद्या कोपऱ्यात मुलं किल्ला बांधायला घेतात. दगड-विटांचा ढीग, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट, वर लाल माती आणि हिरवळीसाठी हळीव किंवा मोहरी. वर सिंहासनावर महाराज, पायऱ्यांवर मावळे, गुहेत वाघ. हे आपण सगळ्यांनी केलंय. आज मला थोडं वेगळं सांगायचंय. असा किल्ला बघण्यासाठी नाही, तर त्यावर लढाई खेळण्यासाठी बांधायचा असेल तर काय करावं लागतं?

आधी हा खेळ काय आहे ते दोन वाक्यांत सांगतो. टेबलावर डोंगर, नदी, झाडी मांडायची, त्यावर छोटे सैनिक ठेवायचे. प्रत्येक पक्षाने आपल्या पाळीत फुटपट्टीने मोजून सैनिक पुढे न्यायचे आणि लढाईचा निकाल फाशांवर ठरवायचा. बुद्धिबळासारखंच, पण पट सपाट नाही. प्रशियात राइसवित्झ नावाच्या गृहस्थाने १८१२ साली राजासाठी असं एक टेबल बनवलं होतं. त्यात डोंगर-नद्यांचे प्लास्टरचे चौकोन होते आणि ते हवे तसे जुळवता यायचे. त्याच्या मुलाने १८२४ साली नियम छापले आणि प्रशियाचे लष्करी अधिकारी त्यावर सराव करू लागले. पुढे १९१३ साली एच. जी. वेल्स या लेखकाने घरच्या जमिनीवर खेळण्यातले सैनिक घेऊन खेळायचे नियम लिहिले. हा छंद जगभर पसरला त्यात त्या पुस्तकाचा मोठा वाटा आहे.

आता माझी फजिती सांगतो. आमच्या इमारतीतल्या मुलांसाठी मी घोडखिंड बनवली, म्हणजे आपली पावनखिंड. प्रसंग तुम्हाला माहीतच आहे. जुलै १६६०, आषाढातली पावसाची रात्र. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज पन्हाळ्याहून निसटले आणि विशाळगडाकडे निघाले, मागे सिद्दी मसूदची फौज. महाराज गडावर पोचून तोफांची इशारत होईपर्यंत बाजीप्रभूंनी खिंड रोखून धरायची. परंपरेने सांगतात त्याप्रमाणे बरोबर ३०० मावळे. एक सैनिक म्हणजे दहा माणसं असा हिशेब धरला. कागदावर छापलेले सैनिक शर्टाच्या बटणांवर चिकटवले. मधोमध दोन छान टेकड्या केल्या, रंगवल्या. फोटो काढावा अशी दिसत होती.

खेळ सुरू झाला. मसूदच्या बाजूला सातवीतला एक मुलगा होता. त्याने खिंडीकडे बघितलंसुद्धा नाही. टेकडीच्या बाजूने सपाट पुठ्ठ्यावरून वळसा घातला आणि तिसऱ्या पाळीत बाजीप्रभूंच्या मागे उभा! वर मला विचारतो, "काका, मग ते लोक असे का नाही गेले? वेडे होते का?"

मंडळी, या प्रश्नाचं उत्तर माझ्या टेबलावर नव्हतं. शत्रू वेडा होता म्हणून आपण लढलो, असा अर्थ माझ्या पुठ्ठ्यातून निघत होता. म्हणजे मी बाजीप्रभूंवरच अन्याय करत होतो. चूक मुलाची नव्हती, माझ्या जमिनीची होती.

तेव्हापासून टेबलावर काहीही ठेवताना मी तीन प्रश्न विचारतो. इथून काय दिसतं? इथून जायला किती वेळ लागतो? आणि इथे एका वेळी किती माणसं मावतात?

पहिला प्रश्न दिसण्याचा. रायगडाचा महादरवाजा आठवा. दोन बुरुजांच्या कवेत तो असा लपलाय की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. याला गोमुखी बांधणी म्हणतात. दिवाळीच्या किल्ल्यात आपण दरवाजा समोर, ठळक करतो, कारण येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दिसायला हवा. खेळाच्या किल्ल्यात तो दिसता कामा नये. तपासायचं कसं? मोबाइल सैनिकाच्या जागी आडवा ठेवा आणि कॅमेऱ्यातून बघा. सैनिकाला काय दिसतं ते लगेच कळतं.

दुसरा प्रश्न वेळेचा. इथे मापाचा घोळ येतो. या खेळात २८ मिलीमीटर उंचीचे सैनिक जास्त चालतात, म्हणजे साधारण १:६० हे प्रमाण. रायगड समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच आहे. त्याच प्रमाणात केला तर जवळपास १४ मीटर होईल, आपल्या जुन्या चार मजली इमारतीएवढा! पायथा काही समुद्रसपाटीला नाही हे मान्य, पण निम्मी उंची धरली तरी दोन मजले झाले. म्हणून सैनिकांचं माप एक आणि जमिनीचं दुसरं, हे मान्य करूनच चालायचं. मी दोन-अडीच सेंटीमीटरचा एक थर करतो आणि एक थर चढायला एक पाळी, असा नियम ठेवतो. उंची सेंटीमीटरमध्ये खरी नसली तरी दमछाक खरी असते. आमच्या घरात मोठं टेबल मावत नाही, म्हणून १५ मिलीमीटरचे सैनिक आणि एक फुटी चौकोन. खेळ झाला की सगळं दिवाणाखाली.

हे थर आपल्या सह्याद्रीला अगदी शोभतात, बरं का. दख्खनचं पठार लाव्हाच्या एकावर एक थरांनी बनलंय, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. भूशास्त्रज्ञ त्याला डेक्कन ट्रॅप म्हणतात. त्यातला 'ट्रॅप' हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. कडा, मग उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. त्यामुळे पुठ्ठ्याचे थर रचून गोल टेकडी नीट होत नाही, पण राजगड उत्तम होतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशावर दर २० मीटरला समोच्च रेषा असते. ती मोठी करून गिरवा आणि कापा. आणि कडा रंगवण्याआधी एकदा अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल बघून या. साधारण ६० मीटर उंच, काळ्या बेसॉल्टचे सरळ उभे खांब. कातळाच्या भेगा उभ्या कशा जातात ते तिथे कळतं.

सामान सगळं घरातलंच. पुठ्ठ्यासाठी ऑनलाइन खरेदीची खोकी आहेतच. कड्याची बाजू कात्रीने न कापता हाताने फाडा, वर कागदाचा लगदा लावा. जमिनीला फेविकॉलवर चाळलेली वाळू किंवा रांगोळी. पालापाचोळ्यासाठी चहाचा चोथा, पण उन्हात कडकडीत वाळवून, नाहीतर आपल्या पावसाळ्यात त्याला बुरशी आलीच म्हणून समजा. भांडी घासायचा हिरवा स्क्रबर कुरतडला की झुडपं तयार. पुठ्ठा एकाच बाजूने रंगवला तर तो वाकतो, म्हणून खालूनही एक हात द्या. झाडं मात्र चिकटवू नका. जंगलाची हद्द रंगाने दाखवा आणि झाडं सुटी ठेवा. नाहीतर जंगलात सैनिक उभे करायला जागाच राहत नाही.

आता तिसरा प्रश्न, किती माणसं मावतात. माझ्या पहिल्या खिंडीत आठ सैनिक शेजारी-शेजारी उभे राहत होते. मग संख्येपुढे शौर्य काय करणार? दुसऱ्या वेळी मी वाट तीन सैनिकांएवढी केली. दोन्ही बाजूंना थर चढवले, त्यावर दाट झाडी. चढावर निम्मी चाल, झाडीत आणखी निम्मी, पाऊस म्हणून सगळ्यांचीच एक बोट कमी. आणि आठव्या पाळीला विशाळगडाच्या तोफा.

तोच मुलगा पुन्हा मसूद झाला. पुन्हा वळसा घ्यायला निघाला. मी अडवलं नाही. चार पाळ्या झाल्यावर तो बोटांवर मोजायला लागला आणि म्हणाला, "काका, पोचतोय मी. पण दहाव्या पाळीला." मग त्याने मुकाट्याने सगळी फौज खिंडीत घातली, तीन-तीन करून. बाजीप्रभूंच्या बाजूची मुलगी एकेक बटण उचलून बाजूला ठेवत होती. आठव्या पाळीला तिच्याकडे चार उरली होती. तोफा झाल्या तेव्हा कुणीही ओरडलं नाही. ती चार बटणं तिने बराच वेळ हातात धरली होती.

गोष्ट त्या मुलांना आधीही पाठ होती. वेळ किती महाग होता, ते त्या दिवशी कळलं.

काही प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्न: थर्मोकोल वापरावा का?

उत्तर: आपल्या राज्यात २०१८ पासून सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी आहे, त्यामुळे नवा आणू नका. टीव्हीच्या खोक्यातला तुकडा घरात पडून असेल तर तो जरूर वापरा. फक्त त्यावर थेट स्प्रे रंग मारू नका. मी मारला होता. रंगातल्या द्रावकाने माझा बालेकिल्ला डोळ्यांदेखत विरघळला. आधी पाण्यातल्या रंगाचे दोन हात द्या, मग पुढचं.

प्रश्न: सोसायटीत सगळीकडे फरशी आहे, माती कुठून आणायची?

उत्तर: नर्सरीत पिशवी मिळते. दिवाळीनंतर तीच माती कुंड्यांत घाला. पण मातीचा किल्ला बंद करू नका, एवढी विनंती. फक्त या वर्षी दरवाजा थोडा लपवून बघा, आणि तो कुठे आहे ते मुलांना शोधू द्या.