काटा हलत नाही तेव्हा

शाबान महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात घराघरांत रमजानची तयारी सुरू होते. डबे घासले जातात, बेसन-मैदा भरला जातो, खजुराची खोकी येतात. यंदा या गडबडीत मी आणखी एक काम केले. बाथरूमच्या दाराशी ठेवलेला वजनकाटा जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकला. मुलीने विचारले, "अम्मी, बिघडला का?" म्हटले, "तो नाही बिघडला. माझा मूड तो रोज बिघडवतो."

गोष्ट दीड वर्षापूर्वीची. कॉलेजच्या आरोग्य शिबिरात रक्त तपासले आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, एचबीएवनसी, 6.3 आला. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. वजन 84 किलो. माझ्या जागी दुसऱ्या कुणी तो कागद पर्समध्ये ठेवून दिला असता. मला ते जमले नाही, कारण मी माझ्या अम्मीच्या पायाची जखम तीन वर्षे धुतली आहे. साखरेने तिच्या पायाची दोन बोटे नेली. शेवटच्या काही रमजानांत रोजा ठेवता येत नाही म्हणून ती सहेरीला उठून नुसती बसायची आणि सगळ्यांना वाढायची. तो चेहरा डोळ्यांसमोर होता.

दुसऱ्या दिवसापासून फजरनंतर हिमायत बागेत चालायला सुरुवात केली. सोबतीला आमच्याच विभागातली एक सहकारी. रोज पाच किलोमीटर, पाऊस असो की थंडी. चहातली साखर निम्मी केली, रात्रीचा भात सोडला. चार महिन्यांत वजन 78 वर आले. बुरखा सैल झाला, शिंप्याकडे गेले, लोक विचारू लागले. आणि मग काटा थांबला. पाच महिने चालणे तेच, जेवण तेच, आणि आकडा 78. कधी 77.6, कधी 78.4, पण फिरून तिथेच. एका इफ्तारला एक नातेवाईक सगळ्यांसमोर म्हणाल्या, "इतकं चालतेस म्हणे, दिसत तर नाही!" हसून वेळ मारून नेली, पण त्या रात्री झोप लागली नाही.

मग मी शिक्षक जे करतो ते केले. वाचायला बसले.

शरीर हिशेब ठेवते

पहिली गोष्ट कळली ती अशी, की सुरुवातीला झपाट्याने उतरलेले सगळे वजन चरबीचे नव्हते. आपले शरीर यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा ठेवते आणि त्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. खाणे कमी केले की आधी हा साठा आणि हे पाणी जाते. पहिल्या पंधरा दिवसांत दोन किलो कमी झाले म्हणून आपण पेढे वाटतो, त्यातले बरेचसे पाणीच असते.

दुसरी गोष्ट साधी आहे, तरी लक्षात येत नाही. 84 किलोचे शरीर चालवायला जेवढे इंधन लागते तेवढे 78 किलोच्या शरीराला लागत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये मांडलेला हिशेब असा : वजन एक किलोने उतरले की शरीराचा रोजचा खर्च साधारण 20 ते 30 कॅलरीने घटतो, आणि त्याच एका किलोमागे भूक मात्र रोज सुमारे 100 कॅलरीने वाढते. माझे सहा किलो उतरले होते. म्हणजे खर्च दीडशेच्या आसपास कमी झाला होता आणि शरीर रोज सहाशे कॅलरी जास्त मागत होते. मी ती भूक अडवून वजन 78 वर धरून ठेवले होते. ज्याला मी नापास होणे समजत होते, ती रोजची मेहनत होती.

तिसरी गोष्ट जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1945 साली, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने 36 तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन जवळजवळ चौथ्या हिश्शाने घटले. त्याचबरोबर हातपाय गार पडू लागले, नाडी मंदावली, जेवणाशिवाय दुसरा विषय डोक्यात येईना. शरीराने वात बारीक केली होती. पुढे 1995 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात रुडॉल्फ लायबेल आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की वजन दहा टक्क्यांनी उतरले की शरीर आपला खर्च अपेक्षेपेक्षाही जास्त कमी करते. हजारो वर्षे दुष्काळ पाहिलेले शरीर आहे हे. त्याला डाएट आणि दुष्काळ यांतला फरक कळत नाही. मराठवाड्यातल्या माणसाला दुष्काळ म्हणजे काय हे समजावून सांगायला नको.

आणि व्यायाम? हर्मन पॉन्ट्झर या संशोधकाने टांझानियातल्या हाड्झा या शिकार करून, कंदमुळे गोळा करून जगणाऱ्या लोकांचा रोजचा ऊर्जाखर्च मोजला. हे लोक दिवसभर चालतात. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष सर्वांना चकित करणारा होता : शरीराचा आकार लक्षात घेतला तर त्यांचा खर्च खुर्चीत बसणाऱ्या शहरी माणसाएवढाच निघाला. चालण्यात गेलेली ऊर्जा शरीर दुसरीकडे वाचवत असावे, असा तर्क त्यांनी मांडला. नुसत्या चालण्यावर वजनाची गाडी फार पुढे का जात नाही, याचे उत्तर त्यात आहे.

दीक्षित, दिवेकर आणि आमचा दस्तरख्वान

2018च्या सुमारास महाराष्ट्रात प्रत्येक स्टाफरूममध्ये एकच वाद होता, दीक्षित की दिवेकर? लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते : दिवसात दोनदाच जेवा, कडकडून भूक लागते तेव्हा, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवा आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. मूळ विचार नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांचा. दुसरीकडे ऋजुता दिवेकर थोडे थोडे पण दर काही तासांनी आणि घरचे खा म्हणत होत्या. आमच्या स्टाफरूममध्ये दोन्ही पक्ष होते आणि वर्षभराने दोन्ही पक्षांतल्या अनेकांचा काटा थांबलेला होता. पद्धत कोणतीही असो, शरीराचा हिशेब तोच.

सहकारी मला म्हणायची, "मॅडम, तुमचा रमजान म्हणजे दीक्षितांचाच प्लॅन की! दोनच जेवणं." मी हसायचे. प्लॅनमध्ये 55 मिनिटे असतात. आपल्याकडे इफ्तार मगरिबला सुरू होतो. खजूर, फळे, भजी, समोसे, शरबत. नमाजनंतर जेवण. तरावीहनंतर शहागंज-सिटी चौकाकडे चक्कर. मग चहा. मग सहेरी. दोन जेवणे कागदावर असतात, रात्रभर तोंड मात्र चालूच. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्षही असाच आहे : रमजानमध्ये सरासरी एक-दीड किलो वजन उतरते आणि ईदनंतर काही आठवड्यांत बरेचसे परत येते.

मी माझ्या घरचा हिशेब मांडला. आम्ही पाच माणसे. एरवी महिन्याला पाच लिटर तेल लागते. तेल पाण्याहून हलके, म्हणजे साधारण साडेचार किलो. माणशी रोज 30 ग्रॅम. गेल्या रमजानमध्ये आठ लिटर लागले होते, म्हणजे माणशी 48 ग्रॅम. रोज 18 ग्रॅम जास्त, ग्रॅमला नऊ कॅलरी, म्हणजे दीडशेच्या वर. माझ्या पाच किलोमीटर चालण्यात ढोबळमानाने 250 ते 300 कॅलरी जातात. त्यातला निम्म्याहून जास्त भाग कढईतच परत मिळत होता, आणि शरबतातली साखर मी अजून धरलेलीच नाही. हा हिशेब नवऱ्याला दाखवला. ते म्हणाले, "भजी बंद करणार आहेस का?" बंद नाही केली. आता ती शुक्रवारी होतात. इतर दिवशी चना चाट, फळे, दही-वडे न तळता.

काट्याला जे दिसत नाही

वळण आले ते पुण्याच्या एका डॉक्टरांमुळे, त्यांना न भेटताच. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे. आपला व्यायाम लिफ्टचे दार बंद होण्याआधी धावण्यापुरता, असे याज्ञिकांनी गमतीने नोंदवले होते. मुद्दा गंभीर होता. काट्यावर सारखी दिसणारी दोन माणसे आतून सारखी नसतात. आपल्या लोकांत पोटाभोवतीची चरबी जास्त, स्नायू कमी, म्हणून साखरेचा धोका कमी वजनातही लवकर. याच कारणाने भारतीयांसाठी बीएमआय 23 वरच सावध व्हायला सांगतात आणि कंबर बायकांची 80 सेंटिमीटर, पुरुषांची 90 च्या आत हवी म्हणतात.

मी शिंप्याची टेप घेतली. चालायला लागले तेव्हा डायरीत कंबर 98 लिहिली होती. वजन थांबले तेव्हा 94. आता 91. म्हणजे काटा थांबलेल्या त्या पाच महिन्यांत कंबर तीन सेंटिमीटर आत गेली होती. मग रक्त तपासले. एचबीएवनसी 5.8. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "आपा, ज्यासाठी चालायला लागलात ते झालंय. काट्याला कशाला विचारत बसता?" मी दवाखान्यात रडले. आनंदाने की अम्मीच्या आठवणीने, कोण जाणे.

त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या, त्या इथे देते. पहिली, नुसते चालू नका, स्नायूंना काम द्या. वजन घटते तेव्हा त्यात चौथा हिस्सा स्नायूंचासुद्धा असू शकतो आणि चाळिशीनंतर ते परत मिळवणे अवघड. आमच्या कॉलेजच्या स्पोर्ट्स सरांनी घरच्या घरी करता येईल असे शिकवले : खुर्चीवरून हात न टेकता पंधरा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून दंड, दोन्ही हातांत दोन-दोन किलो डाळीच्या पिशव्या. आठवड्यातून तीन दिवस. दुसरी, प्रत्येक जेवणात डाळ, अंडे, दही किंवा मांस, काहीतरी प्रथिने हवीतच. सहेरीला नुसता चहा-पाव खाऊन झोपणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

आणि हे सगळे करूनही वजन उलट वाढत असेल, थकवा असेल, पाळी बिघडली असेल, तर थायरॉइड तपासा. स्टेरॉइड, इन्सुलिन, मनाच्या आजारावरची काही औषधे यांनीही वजन वाढते. स्वतःला आळशी म्हणण्याआधी डॉक्टरांना विचारा. एकवीस दिवसांत दहा किलो उतरवण्याची पावडर विकणाऱ्यांना मात्र विचारू नका. मी एकदा विचारले होते. पैसे गेले, पोट बिघडले.

रोजा आणि साखर

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी वजन उतरवण्याच्या हौसेने रोज्यात खाणे आणखी तोडू नये. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल तर डोस आणि वेळा रमजानआधीच डॉक्टरांकडून बदलून घ्या. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, हे बहुतेक उलेमांनी स्पष्ट केले आहे. साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा सोडा, हा वैद्यकीय सल्ला आहे, आणि आजाऱ्याला सवलत तर धर्मानेच दिली आहे. माझ्या अम्मीला ही सवलत म्हणजे शिक्षा वाटायची. तिला कुणी प्रेमाने समजावले असते तर, असे आजही वाटते.

यंदा रमजान थंडी सरताना आला. चालणे मी इफ्तारआधी अर्ध्या तासावर आणले आहे, हळू, दम न लागेल असे. इफ्तारला खजूर, पाणी, फळ. मगरिबनंतर एकच ताट आणि मग दस्तरख्वान उचलायचा. पोटाचा एक भाग जेवणाला, एक पाण्याला, एक श्वासाला, ही शिकवण लहानपणी मदरशात पाठ केली होती. अमलात आणायला चाळिशी उलटावी लागली. नान-कलिया मात्र सोडलेला नाही. या शहरात राहून तो सोडणे मला तरी जमणार नाही. महिन्यातून एकदा, एक वाटी.

सब्र या शब्दाचा अर्थ आपण बहुधा उपाशी राहणे असा घेतो. फळ दिसत नसताना काम चालू ठेवणे, हाही सब्रच. हिमायत बागेत काल एक बाई भेटल्या, नव्यानेच चालायला लागलेल्या. म्हणाल्या, "दोन महिने झाले बाजी, वजन थांबलंय. सोडून देऊ का?" मी पर्समधून टेप काढून त्यांच्या हातात दिली. म्हटले, "ही ठेवा. ईदनंतर भेटू."