चेन एकच, कॅसेट दोन

जून लागला आणि रस्ते निसरडे झाले की पुण्या-मुंबईतले कितीतरी सायकलपटू आपली सायकल घरातल्या ट्रेनरवर चढवतात. काल रस्त्यावर विनातक्रार चाललेली तीच सायकल ट्रेनरवर जरा जोर लावताच कट्‌कन आवाज करते, चेन घसरते, कधी उतरूनच पडते. मग पहिला संशय चेनवर जातो, दुसरा ट्रेनरवर, आणि नवी चेन विकत आणली जाते. माझ्या मते शोध दुसऱ्या टोकाकडून सुरू करायला हवा. डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनरला सायकल लावताना आपण मागचं चाक काढून ठेवतो, चाकाबरोबर कॅसेटही बाजूला जाते आणि तिची जागा ट्रेनरवरची कॅसेट घेते. ज्या दात्यांशी चेन आणि गिअर जुळलेले असतात ते दातेच बदलतात. त्यामुळे चेन चांगली आणि ट्रेनरही चांगला असूनही त्यांची जोडी बिघडलेली असू शकते.

आधी तक्रार नीट ओळखली पाहिजे. चेन उतरणं वेगळं आणि दाता सोडणं वेगळं. उतरते तेव्हा ती कॅसेटच्या एका कडेवरून किंवा पुढच्या चक्रावरून बाहेर पडते. दाता सोडते तेव्हा ती त्याच चक्रावर राहते, पण जोर येताच एक दाता पुढे उडी मारते आणि पॅडल क्षणभर पोकळ जातं. उतरणारी चेन बहुतेकदा जागेचा दोष सांगते. दाता सोडणारी चेन झिजेचा दोष सांगते, किंवा अर्धवट बसलेल्या गिअरचा. कुठल्या चक्रावर, किती जोरात, कुठल्या क्षणी हे घडतं एवढं पाहिलं तरी निम्मा शोध संपतो.

जागेचा दोष शोधायला पैसे लागत नाहीत, म्हणून तो आधी पाहावा. फ्रेमची दोन्ही टोकं ट्रेनरच्या अ‍ॅक्सलवर पूर्ण बसली आहेत का, अ‍ॅडॉप्टर आपल्या फ्रेमच्या मापाचाच आहे का, हे तपासावं. ११ स्पीडच्या कॅसेटमध्ये शेजारच्या दोन चक्रांमधलं अंतर जेमतेम ३.७ मिमी असतं, म्हणजे ट्रेनरची कॅसेट १ मिमीने सरकली तरी गिअर पाव घर चुकतो. डिरेलरचे लिमिट स्क्रू चाकावरच्या कॅसेटनुसार बसवलेले असतात. ट्रेनरची कॅसेट थोडी बाहेर असेल तर सर्वांत मोठ्या चक्रावरून चेन आत पडते, आणि आत असेल तर सर्वांत लहान चक्रावरून फ्रेमकडे. त्यानंतर कॅसेट हाताने हलवून पाहावी. ट्रेनरवर ११ स्पीडचा लांब फ्रीहब असेल आणि त्यावर ८, ९ किंवा १० स्पीडची कॅसेट चढवायची असेल, तर मागे १.८५ मिमीची रिंग घालावी लागते. ती राहून गेली तर लॉकरिंग कितीही आवळली तरी चक्रं खुळखुळतात, आणि केबल कितीही ताणली-सोडली तरी गिअर स्थिर होत नाही. आणखी एक गोष्ट सहज घडते. चाक काढलेली सायकल जमिनीवर टेकवताना सगळा भार डिरेलरवर येतो आणि ज्यावर तो लटकतो तो नरम धातूचा हँगर वाकतो. मागून पाहिल्यावर डिरेलरचा पिंजरा चक्रांच्या रेषेत न दिसता तिरका दिसला, तर स्क्रू फिरवत बसण्यात अर्थ नाही. आधी हँगर सरळ करून घ्यावा.

झिजेचा दोष समजायला चेनची रचना लक्षात घ्यावी लागते. दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी. चेन लांबते असं आपण म्हणतो, पण पोलाद ताणलं जात नाही. पिना आणि त्यांच्याभोवतीच्या बैठका झिजतात, प्रत्येक सांध्यात किंचित मोकळीक येते आणि ती साठत जाते. बारा इंची स्टीलची पट्टी धरून शून्यावर एका पिनेचं केंद्र ठेवलं, तर नव्या चेनमध्ये चोविसावी पुढची पिन बरोबर बारा इंचांवर येते. ती १/१६ इंच पुढे गेली की चेन बदलायची वेळ झाली, १/८ इंच पुढे गेली तर बहुधा दातेही गेले. चेन आणि दाते बरोबरच झिजतात, म्हणून जुनी जोडी एकमेकांना सांभाळून घेते. मोसम संपल्यावर सायकलला नवी चेन आणि नवी कॅसेट बसते, ट्रेनरवर मात्र गेल्या वर्षीचीच कॅसेट राहते. पुढच्या जूनमध्ये नवी चेन त्या झिजलेल्या, आकड्यासारख्या वाकलेल्या दात्यांवर येते, जोर पडताच त्यांवर चढते आणि निसटते. रस्त्यावर काहीच बिघडत नाही, कारण तिथे नव्याला नवं भेटलेलं असतं. अशा वेळी आणखी एक नवी चेन आणली तरी दोष तसाच राहतो.

यावर कुणी म्हणेल, घरात ना चिखल, ना धूळ, मग ट्रेनरची कॅसेट एवढी झिजेल कशी? धुळीचा मुद्दा खरा आहे. पण रस्त्यावर आपण सिग्नलला थांबतो, उतारावर पाय सोडतो, सतत गिअर बदलतो. ट्रेनरवर, विशेषतः ठरावीक वॅट आपोआप राखणाऱ्या अर्ग मोडमध्ये, अनेकजण तासभर एकाच गिअरवर असतात. मिनिटाला ९० फेऱ्यांनी एका तासात पॅडलच्या ५,४०० फेऱ्या होतात. पुढे ३४ आणि मागे १७ दाते असतील तर मागच्या त्या एकाच चक्राचा प्रत्येक दाता तासाभरात १०,८०० वेळा चेन झेलतो. शेजारची चक्रं कोरी राहतात. म्हणूनच चेन एकाच चक्रावर दाता सोडत असेल आणि बाकी सगळीकडे शांत असेल, तर ते चक्र झिजलं असण्याची शक्यता सर्वांत मोठी.

अर्ग मोडमुळे आणखी एक गोष्ट होते. २०० वॅट राखताना पुढच्या ३४ दात्यांच्या चक्रावर ९० फेऱ्यांच्या गतीने चेनवर सुमारे ३१ किलोचा ताण येतो. थकून गती ६० वर आली तरी यंत्र २०० वॅट सोडत नाही, आणि ताण ४७ किलोवर जातो. चेन नेमकी शेवटच्या दमछाकीच्या मिनिटांत का निसटते, याचं उत्तर बहुधा इथे आहे. पुढे ५० दात्यांचं चक्र घेतलं तर ९० फेऱ्यांवर तोच ताण २१ किलोपर्यंत उतरतो. याने झिजलेले दाते बरे होत नाहीत, पण दोष कुठे आहे ते कळतं.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. दर वेळी केबलचा स्क्रू दोन-चार टिचक्या फिरवून काम भागतं, मग एवढा खटाटोप कशाला? फरक किरकोळ असेल तर ते चालतं. मात्र रविवारी सायकल रस्त्यावर नेताना तोच स्क्रू उलटा फिरवायची आठवण राहायला हवी. त्यापेक्षा ट्रेनरवर चाकासारखीच, त्याच कंपनीची आणि तेवढ्याच स्पीडची कॅसेट ठेवावी. ती आत बसत असेल आणि फ्रेमपाशी जागा असेल, तर तिच्यामागे पातळ शिम घालून चाकावरच्या जागेशी जुळवावी. चेनबरोबर दोन्ही कॅसेट बदलणं खर्चिक आहे, हे मान्य. तो खर्च टाळायचा सोपा उपाय म्हणजे चेन वेळेत, १/१६ इंचालाच बदलणं.

सायकल दुकानात नेली की मेकॅनिक ती स्टँडवर टांगतो, हाताने पॅडल फिरवतो आणि सगळं ठीक आहे म्हणून परत देतो. त्याची चूक नसते. त्याच्यासमोर चाकावरची कॅसेट असते आणि चेनवर भार नसतो. म्हणून सायकलबरोबर ट्रेनरही न्यावा. तो जड असेल तर निदान त्यावरची कॅसेट काढून न्यावी, आणि चेन ज्या चक्रावर निसटते त्यावर खूण करून ठेवावी.