परतीच्या वाटेवरची नोंद

दिल्लीच्या पहाडगंजातल्या लॉजवर उतरणारा पाहुणा रजिस्टरात कुठून आला, कुठे जाणार आणि कधी पोचला हे लिहितो. निघण्याच्या वेळेचा रकाना कोरा असतो, आणि पाहुणा मागच्या दाराने गेला तर तो कोराच राहतो.

लिनक्सच्या कर्नेलमध्ये एखादं फंक्शन किती वेळ घेतं हे शोधणाऱ्यांपुढे हाच पेच होता. फंक्शनात शिरायची जागा एक, बाहेर पडायच्या वाटा अनेक.

शिरतानाची नोंद तुलनेने सोपी. इंटेल घराण्याच्या प्रोसेसरवर फंक्शनच्या पहिल्या सूचनेचा एक बाइट बदलून तिथे ब्रेकपॉइंट ठेवतात. प्रोसेसर तिथे थबकतो, नोंद होते, मूळ सूचना पार पडते आणि काम पुढे सरकतं. या ‘के-प्रोब्ज’चा पाया भारतात घातला गेला. आयबीएमच्या इथल्या चमूतल्या वम्सी कृष्ण एस. यांनी ऑक्टोबर २००२ मध्ये हा कोड लिहिला, प्रसन्ना पंचमुखी आणि सुपर्णा भट्टाचार्य यांनी २००४ मध्ये वाढवला. त्याच वर्षी तो लिनक्स २.६.९ मध्ये आला.

मे २००५ मध्ये हिएन न्गुयेन, जिम केनिस्टन आणि पंचमुखी यांनी परतीचे प्रोब जोडले. त्यातली युक्ती फार देखणी आहे. काम संपल्यावर कुठे परतायचं, तो पत्ता इंटेल घराण्यात स्टॅकवर असतो. फंक्शनात शिरतानाच प्रोब हा पत्ता जपून ठेवतो आणि त्या जागी ‘ट्रॅम्पोलिन’ या छोट्या कोडचा पत्ता लिहितो. मग फंक्शन कुठल्याही वाटेने निघालं, तरी आधी ट्रॅम्पोलिनवरच येतं. तिथे वेळ आणि उत्तर टिपलं जातं आणि खऱ्या पत्त्यावर रवानगी होते.

खरी कसोटी गर्दीची. एकच फंक्शन एकाच वेळी अनेक प्रोसेसरांवर चालतं, कधी स्वतःलाच हाक मारतं, कधी मध्येच झोपतं. प्रत्येक फेरीला पत्ता जपायला वेगळी जागा लागते, आणि अशा जागा किती हे ‘मॅक्सॲक्टिव्ह’ हा आकडा आधीच ठरवतो. २००८ पासून त्याच जागेत शिरण्याची वेळही ठेवता येते, म्हणून जोडी चुकत नाही.

जागा संपल्या, तर फंक्शन बिनबोभाट चालतं, फक्त परतीची नोंद हुकते. कर्नेल ती ‘एनमिस्ड’ या गणतीत धरतो. हुकतात त्या बहुधा गर्दीच्या वेळच्या नोंदी, म्हणजे नेमक्या हव्या असलेल्या. म्हणून सरासरी वेळ काढण्याआधी ‘एनमिस्ड’ पाहावा. तो शून्य नसेल तर ‘मॅक्सॲक्टिव्ह’ वाढवून मोजणी पुन्हा करावी.