झाडावर चढणाऱ्याची जबाबदारी कोणाची?

मे महिना सरत आला की मुंबई-पुण्यातील गृहनिर्माण सोसायट्यांना आवारातील झाडांची आठवण होते. पहिल्याच वादळात गुलमोहराची फांदी एखाद्या मोटारीवर कोसळण्याआधी छाटणी उरकावी, अशी घाई सुरू होते. महापालिकेच्या परवानगीचा कागद हाती आला की कोणाच्या तरी ओळखीचा एक माणूस येतो. कमरेला कोयता, खांद्यावर काथ्याचा दोर, पायांत काही नाही. खाली उभे असलेले चार जण कोणती फांदी पाडायची ते बोटाने दाखवतात आणि तो सरसर वर चढतो. सायंकाळपर्यंत काम निर्विघ्न पार पडले, तर त्याच्या हातावर पैसे ठेवून सारे जण त्याला विसरून जातात. तसे झाले नाही, तर मात्र तो नेमका कोणाचा कामगार होता, हा प्रश्न प्रथमच उपस्थित होतो.

बागकाम म्हणजे हलके काम, ही समजूत फार खोलवर रुजलेली आहे. माळी म्हटले की सकाळच्या कोवळ्या उन्हात गुलाबाला पाणी घालणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. कारखान्यात एका यंत्रावर एक माणूस असतो आणि त्या यंत्राचे धोके ठरलेले असतात. माळी मात्र आज झाडावर, उद्या फवारणीवर आणि परवा गवत कापण्याच्या यंत्रावर असतो. उंची, वीज, धारदार पाते, विष आणि ऊन यांच्याशी त्याचा आळीपाळीने सामना होतो. आणि यांपैकी एकाचेही प्रशिक्षण त्याला सहसा कोणी दिलेले नसते.

छाटणीत माणूस पडतो तो नेहमी तोल गेल्यामुळेच असे नाही. अनेकदा फांदीच त्याला पाडते. जड फांदी वरच्या बाजूने कापत गेल्यास काप पुरा होण्याआधीच ती स्वतःच्या भाराने फाटते, खोडापर्यंत साल सोलत नेते आणि तिचा बुंधा झोका घेऊन कापणाऱ्याच्या अंगावर येतो. यावरचा उपाय जुना आणि बिनखर्ची आहे. खोडापासून हात-दीड हात अंतरावर आधी खालून थोडा काप घ्यायचा, मग त्याच्या किंचित पुढे वरून कापून फांदी पाडायची आणि उरलेला खुंट शेवटी खोडालगत काढायचा. तीन कापांना वेळ लागतो, आणि छाटणीचा सौदा झाडांच्या संख्येवर ठरलेला असल्याने तो वेळ कोणालाच नको असतो. शिडीचेही तसेच. जी फांदी कापायची तिलाच शिडी टेकवली, तर टोकाकडचा भार उतरताच उरलेली फांदी वर उसळते आणि शिडी खालून निसटते. गुलमोहर आणि शेवगा ही झाडे तर लाकडाने ठिसूळ. वरून हिरवीगार दिसणारी फांदीही पाय ठेवताच मोडू शकते.

अलीकडे कोयत्याच्या जागी यांत्रिक साखळी-करवत आली. काम झपाट्याने होऊ लागले आणि इजेचे स्वरूप पालटले. या करवतीच्या पात्याच्या टोकाचा वरचा भाग एखाद्या फांदीला टेकला, तर चालू करवत क्षणार्धात उलटून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे किंवा मानेकडे येते. हा झटका माणसाच्या प्रतिक्रियेपेक्षा वेगवान असतो. म्हणूनच करवतीला साखळी थांबवणारा ब्रेक असतो, आणि ती एका हाताने किंवा खांद्याच्या वर धरून चालवू नये, असा दंडक आहे. एका हाताने फांदी धरून दुसऱ्या हाताने करवत चालवणारा माणूस हे दृश्य आपल्याकडे मुळीच दुर्मीळ नाही. कमरेच्या पट्ट्याचा दोर कापायच्या फांदीला न बांधता खोडाला बांधावा आणि करवत वापरताना त्यात पोलादी गाभ्याचा एक दोर असावा, ही साधी गोष्टही पाळली जात नाही.

विजेच्या तारेचा धोका यापेक्षा कपटी. ओली फांदी, ओला बांबू आणि ॲल्युमिनियमची शिडी यांतून वीज वाहते. उच्च दाबाच्या तारेला तर प्रत्यक्ष स्पर्श होण्याचीही गरज नसते. पुरेसे जवळ गेल्यास मधल्या हवेतूनच ठिणगी झेप घेते. अमेरिकेतील नियमांनुसार ५० हजार व्होल्टपर्यंतच्या तारेपासून अप्रशिक्षित व्यक्तीने किमान १० फूट दूर राहावे लागते. आपल्या गल्ल्यांत रस्त्याकडेची झाडे आणि तारा एकमेकांत गुंतलेल्या असल्याने हे अंतर राखणे बहुधा अशक्य असते. म्हणूनच वीज कंपनीला कळवून पुरवठा बंद करून घेणे, आणि तो बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोणालाही वर न चढवणे, एवढाच मार्ग उरतो.

आता कायद्याकडे वळू. झाड तोडायचे तर महाराष्ट्रातील नागरी क्षेत्रांसाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. मात्र तो झाडाच्या रक्षणासाठी आहे, झाडावर चढणाऱ्याच्या नव्हे. कामगाराच्या सुरक्षेची तरतूद करणारी २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. परंतु ती सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. दोन माळी ठेवणारी सोसायटी किंवा तीन माणसे घेऊन फिरणारा कंत्राटदार या जाळ्यातून सहज निसटतो. कामावर असताना झालेल्या दुखापतीची भरपाई मालकाने द्यावी, हे तत्त्व आपल्या कायद्यात १९२३ पासून आहे आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. अडचण असते ती मालक कोण हे सिद्ध करण्याची. पैसे रोख दिलेले, नोंद कुठेच नाही. सोसायटी कंत्राटदाराकडे बोट दाखवते आणि कंत्राटदाराचा फोन बंद असतो. कामाचे स्वरूप, तारीख, माणसांची नावे आणि विम्याचा तपशील लिहिलेला एक कागद कामाआधी तयार झाला, तर ही पळवाट बऱ्याच अंशी बंद होते. कोणत्याही सचिवाला अर्ध्या तासात करता येण्याजोगे हे काम आहे.

झाडावरचा अपघात निदान दिसतो तरी. फवारणीचे विष दिसत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती आणि फवारा उडवणाऱ्याच्याच अंगावर येत होता. बागेत उंच कुंपणावर किंवा आंब्याच्या मोहरावर खालून वर फवारणारा माळी नेमक्या त्याच स्थितीत असतो. ही कीटकनाशके नाकापेक्षा कातडीवाटे अधिक शिरतात. भिजलेला सदरा दिवसभर अंगावर राहिला, तर विषाची पट्टी बांधल्यासारखेच होते. तोंडाला बांधलेला रुमाल तुषार शोषून ते नाकाशी धरून ठेवतो, तर कातडी हातमोजे द्रव पिऊन घेतात. त्याऐवजी नायट्राइल रबराचे मोजे हवेत. सर्वांत धोक्याचा क्षण फवारणीचा नसून बाटलीतील मूळ द्रावण पाण्यात मिसळण्याचा असतो, आणि तेच काम बहुतेक जण उघड्या हाताने, काडीने ढवळून करतात.

बाटलीवरील चौकोनाच्या खालच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल अतितीव्र, त्याखालोखाल पिवळा, निळा आणि हिरवा. अक्षरओळख नसलेल्यालाही समजावी अशी ही योजना आहे; मात्र सुटे औषध दुसऱ्या बाटलीत भरून दिले की ती निरर्थक ठरते. घाम सुटणे, लाळ गळणे, बाहुल्या बारीक होणे, स्नायू फडफडणे ही लक्षणे दिसताच कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे आणि रुग्णाला रुग्णालयात न्यावे. सोबत औषधाची बाटलीही न्यावी, कारण उपचार विषाच्या प्रकारावर ठरतो. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळून धुतल्यास ते विष माळ्याच्या बायको-मुलांपर्यंतही पोहोचते.

तणनाशकांचा प्रश्न अधिक वादग्रस्त आहे. कॅलिफोर्नियातील शाळांच्या मैदानांची देखभाल करणारे ड्वेन जॉन्सन यांना झालेल्या कर्करोगास ग्लायफोसेटयुक्त तणनाशक कारणीभूत असल्याचा निर्णय ऑगस्ट २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्युरीने दिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटला 'संभाव्य कर्करोगकारक' ठरवले होते. उत्पादक कंपनीने आणि अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने हे मत मान्य केलेले नाही. भारतात केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून कीड-नियंत्रण व्यावसायिकांखेरीज इतरांना त्याच्या वापरास मनाई केली. वाद शास्त्रज्ञांत चालू राहील. तोवर माळ्याने ते उघड्या पायांनी फवारू नये, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही.

गवत कापण्याच्या यंत्राचा आवाज सवयीने जाणवेनासा होतो, पण कानाला सवय होत नसते. अमेरिकी तज्ज्ञांच्या मर्यादेनुसार ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो, तर १०० डेसिबलचा अवघी पंधरा मिनिटे. पालापाचोळ्याच्या ढिगात हात घालण्याआधी तो काठीने हलवावा, हे घोणस पाहिलेल्या कोणत्याही माळ्याला सांगावे लागत नाही. धनुर्वाताची लस मात्र सांगून, आठवणीने द्यावी लागते.

गाजरगवताचे तेवढे निराळे. पुण्यात १९५० च्या दशकात नजरेत भरू लागलेले हे तण उपटणाऱ्यांपैकी काहींना त्याची ॲलर्जी जडते. आधी हातांना खाज, मग पापण्या, मान आणि कोपरांच्या घड्या सुजतात, कातडी जाड व काळपट होते. पुढे नुसत्या वाऱ्याबरोबर येणाऱ्या त्याच्या कणांनीही त्रास उसळतो. फुलावर येण्याआधी, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घालून ते उपटले, तर धोका पुष्कळ कमी होतो. ॲलर्जी एकदा जडली, की मलमाने तात्पुरता आराम पडतो. गवताच्या सहवासात गेल्यावर ती पुन्हा उफाळते. अशा माणसाला दुसरे काम देणे हाच खरा उपचार असतो, आणि रोजंदारीवरच्या माळ्याला तो सहसा मिळत नाही.